सव्वाचार

लेमिंग्टनच्या त्या अरुंद दुकानात
पेलोंनी माझा तळहात उताणा धरला
आणि पट्टी लावली
मधल्या रेघेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत.

याच रेघेवर बोट ठेवून
साताऱ्यात कुणी सांगितलं होतं: परदेश, दोन मुलं,
चाळिशीनंतर स्थैर्य.

"सव्वाचार इंच," ते म्हणाले.
अनामिकेवरच्या पांढऱ्या वळाबद्दल
काही बोलले नाहीत.

मग एकेक रॅकेट.
ही हलकी, पण मनगटाला झिणझिण्या.
ही देखणी, डोकं जड.
तिसरी घेतली
आणि हातात काही आहे हेच विसरले.

"तारा जरा सैल ठेवू.
उत्साह तिशीचा असला तरी
कोपर पंचावन्नचं आहे."

पार्कातलं कोर्ट ओलं, कुणीच नाही.
सरावाच्या भिंतीवर एक चेंडू मारला.
आला की परत,
चक्क माझ्याकडे.