खालून वर

थॉर्नलो गावात, डर्बीशायरच्या चुनखडी डोंगरांत,
मे महिन्याच्या शेवटी विहिरी सजवतात.
विहीर म्हणजे काय, भिंतीतून ठिबकणारा झरा,
खाली दगडी कुंड,
वर पंचायतीची पाटी: हे पाणी पिऊ नये.

मी वही उघडते. तारीख, हवामान, माहितगार:
डोरीन ऑलसॉप, वय एक्क्याऐंशी,
पोस्टात होती, आता एका गुडघ्यात लोखंड.

तिच्या गॅरेजात दाराएवढ्या फळ्या,
चार दिवस बदकांच्या तळ्यात बुडवून आणलेल्या.
कोरडं लाकूड मातीतली ओल पिऊन टाकतं, ती सांगते,
मग चित्र तडकतं.
माती तुडवायला शाळेतली पोरं, अनवाणी,
चिखल पोटऱ्यांपर्यंत, वरून मुठीमुठीने मीठ.
मीठ कशाला?
ओल धरून ठेवायला.
मी लिहिते: मीठ. ओल.

हे सगळं का करता, याला गावात पाच उत्तरं मिळाली.
पाद्री म्हणाला, कृतज्ञता.
पबवाला म्हणाला, पर्यटक.
एकजण म्हणाला, महामारीत आसपासची गावं ओस पडली,
आमचं पाणी निर्मळ राहिलं.
त्याचा भाऊ म्हणाला, महामारी नव्हे, दुष्काळ.
डोरीन म्हणाली, माझी आई करायची.
मी पाचही उतरवून घेतली.
प्रबंधाला पाचही चालतात.

पाणी शुद्ध करतं, हे माझं पहिलं प्रकरण.
जन्मलेल्याला, लग्नाळूला, मेलेल्याला,
जगभरचे दाखले, तळटीपा एकशे बारा.
पाणी कोणामुळे बाटतं, हे तिसरं.
ते अजून लिहायचंय.
गाइड दर महिन्याला विचारतात.

फळीवर माती थापून झाली.
कागदातून टोचून नक्षी उमटली,
तिच्या कडेने डोरीन कॉफीच्या बिया बसवत होती, एकेक,
मान वर न करता म्हणाली,
आणि तुमची विहीर? ती कशी सजवायचात?

माहितगारानेच प्रश्न विचारला तर काय करावं
हे पद्धतीच्या पुस्तकात नव्हतं.

आमच्या विहिरीला सोळा पायऱ्या होत्या, म्हणे.
म्हणे, कारण मी मोजल्या नाहीत.
आईनेही नाही.
ती चिंचेपाशी थांबायची, हंडा जमिनीवर टेकवून,
कोणाला तरी सवड होईस्तोवर.
मग वरून धार,
हात हाताला लागू नये एवढ्या उंचीवरून.
निम्मी हंड्यात, निम्मी मातीत.
त्या सांडलवणावर अळू माजलं होतं, हिरवंगार.
ते कापायला मात्र सगळं गाव यायचं.

हे मी तिला इंग्रजीत सांगितलं.
इंग्रजीत ‘वरून’ हा शब्द
इतक्या उंचीचा नाही.

डोरीनने रेडिओ बारीक केला.
अरेरे म्हणाली नाही. चहा ठेवला नाही.
पत्र्याच्या डब्यातून हायड्रेंजियाची निळी पाकळी काढली,
माझ्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मातीची, थंड.
खालून वर लाव, म्हणाली,
कौलं चढवतात तशी, एकीवर एक.
मग पाऊस वरून आला तरी
निथळून जातो. आत शिरत नाही.

रात्री एकपर्यंत लावल्या.
वहीत त्या रात्रीचं पान कोरं आहे,
एका कोपऱ्यात मातीचा अंगठा.

सकाळी बॅण्ड वाजला, पाद्री आला, फोटो झाले.
गर्दी पुढच्या विहिरीकडे गेल्यावर
मी कुंडात हात घातला, कोपरापर्यंत.
गार. तळाशी नाणी, शेवाळ,
कोणाची तरी केसांची पिन.

कोणी ओरडलं नाही.
एक बदक तेवढं ओरडलं,
आणि मी दचकून
हात बाहेर काढला.