हवाई टप्पा

भाच्याने बर्गनहून फोटो धाडला:
दोन कडे, मधोमध निळं पाणी थांबलेलं.
खाली लिहिलं, बस, बोट, विमान. एका दिवसात.

आम्ही मुनीरची जीप सांगितली, जिंतूरहून येलदरी.
मी, वन्सं, डब्यात धपाटे.

कडे नव्हतेच.
बाभळीचे वाळके शेंडे तेवढे पाण्यावर.
काशिबा भोई होडी त्यांच्यातून काढत म्हणाला,
हितं खाली आमची हीर हाये.
वन्सं पाण्यात हात घालणार होत्या,
तो मांडीवर ठेवला.

परतताना खड्ड्यात जीप उडाली,
क्षणभर कुणीच सीटवर नव्हतं.
झालं विमान, मुनीर म्हणाला.

रात्री मीही फोटो धाडला, नुसत्या पाण्याचा.
त्याने विचारलं, खोल किती?

वन्सं म्हणाल्या, लिही,
मोटेचा एक नाडा
अन् वर काही.