तासाभरासाठी

माझी गाडी मांडवर उघडी पडली होती,
टाकी एकीकडे, आसन एकीकडे,
दवाखान्यात कपडे काढून बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी.
मला तिथं उभं राहवेना.

गेरैंटनं हात पुसत किल्ली पुढे केली.
"दोन तास तरी लागतील. ब्रेकचं तेल चहासारखं झालंय.
तोवर ही फिरवून आण. घे म्हणत नाही."
म्हणतच होता.

निळी, नवी, ढेंगेला उंच.
बटण दाबताच जागी झाली,
खाकरली नाही, थुंकली नाही.
चौकात डावीकडे वळायचं म्हणून अंगठा गेला
तो थेट हॉर्नवर.
पोस्टासमोरच्या बाईनं पिशवी छातीशी धरली.
पाचव्या गियरच्या पुढे सहावाही निघाला.
एकसष्ट वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बालाच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी दगडी गडगे,
पाठीवर निळा रंग फासलेल्या मेंढ्या.
टेगवेनच्या टपरीवरून गेलो.
एरवी मी वळणाअलीकडे असतानाच
ती किटली चढवून बाहेर येते.
आज फळा पुसत होती.
मान वर केली नाही.

तेव्हा ध्यानात आलं,
मी आज कोणीच नाही.

आणि गाडी
(मी नव्हे, तसंच म्हणू)
दगडी पुलापाशी उजवीकडे वळली,
नऊ वर्षं जिथे गेलो नव्हतो त्या गल्लीत.

इद्वाल माझा धाकटा भाऊ.
माझ्या गाडीचा आवाज तो झोपेतही ओळखतो.
त्याची कुत्री, नेल, तीही ओळखायची.
त्या आवाजाकडेच धावत आली होती ती, शेपूट हलवत,
आणि मी वळणावर होतो, जरा जास्तच ऐटीत.
इद्वालनं शिवी दिली नाही.
फावडं आणलं.
पुढे माझी गाडी ऐकू आली की तो घरात जातो,
असं कानावर आलं.
मग मी ऐकवणंच सोडलं.

फाटकाशी पोचतो तोच गडग्यावरून
एक काळंपांढरं सुटलं, एक कान उभा.
दोन्ही ब्रेक दाबले.
तळपायाखाली काहीतरी थडथडलं,
चाक घसरलं नाही,
दोरीनं ओढून धरावी तशी गाडी थांबली.
कुत्र्यापासून हातभर.

असे ब्रेक तेव्हा असते तर, असं मनात आलं.
त्याच्या पाठोपाठ आलं, नाही.
ब्रेक तेव्हाही होते.
तू उशिरा दाबलेस.

इद्वाल फाटकावर कोपरं टेकून उभा.
वाळलाय. दाढी ठेवलीय, तीही पांढरी.
त्यानं शीळ घातली, कुत्रं माघारी गेलं,
आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही करावा
तसा त्यानं हात वर केला.
"वेळेवर थांबला–"
शेवटचं अक्षर हेल्मेटमध्ये शिरलंच नाही.

माझा अंगठा काचेच्या कडेवर होता.
तो उचलून मी क्लचकडे नेला.
मान हलवली. निघालो.

परक्या माणसाला इद्वाल तुम्ही म्हणतो,
पोस्टमनच्या पोरालासुद्धा.
थांबलास म्हणाला, की थांबलात?
चौदा मैल तेवढंच.
सहावा गियर आठवलाही नाही.

"कशी वाटली?" गेरैंट.
"चांगली आहे. गप्प आहे फार."
त्यानं बिल फाडलं. थोडं जास्तच होतं.
माझी गाडी दुसऱ्या दमात सुरू झाली,
खाकरून, थुंकून, अख्ख्या गल्लीला सांगून.
अंगठा अचूक इंडिकेटरवर.

टेगवेन किटली घेऊन बाहेर आली.
मी हात केला, थांबलो नाही.

पुलापाशी थांबलो.
पाय टेकले. इंजिन बंद केलं नाही.
इथून आवाज
फाटकापर्यंत पोचतो.