खांद्याचं तो बघतो

उमराणीबाईंची गाडी मस्कतहून आलेली, एक्क्याण्णवची,
स्टिअरिंग डावीकडे.
नाना पेठेत आमच्या गल्लीत शिरली
की पोरं उजव्या खिडकीशी वाकून बघतात:
हा माणूस गाडी चालवतो कशाने?

दार लावा, किल्ली फिरवा,
की दारावरच्या रुळातून पट्टा आपणच
पुढून मागे सरकत येतो
आणि खांद्यावर बसतो.
म्हणजे बसायचा.
दोन वर्षं तो अर्ध्या वाटेत अडून होता,
मांडवाच्या दारात रुसलेल्या जावयासारखा.

मी मोटर उतरवली.
आत तीस वर्षांचं ग्रीस, वाळून गुळाची ढेप झालेलं.
दातेरी फीत एका जागी झिजलेली.
मुनाफने कुठल्याशा गाडीच्या काचेची फीत आणली,
मी कानस मारून ती बसवली.
पट्टा चालला. मुनाफ म्हणाला, झालं, बिल करा.

बाई म्हणाल्या,
"चालतो ते दिसलं. धरतो का ते दाखवा."

म्हणून भवानी पेठेतून ज्वारीचं पोतं,
पन्नास किलो,
उजव्या सीटवर बसवलं.
मुनाफने त्याला स्वतःची टोपी घातली.
पहाटे साडेपाचला पुलगेटच्या चौकात
हवालदार शिट्टी तोंडात धरून बघतच राहिला:
चालकाच्या जागी पोतं,
पट्टा लावलेलं, टोपी सरळ.
पावती कुणाच्या नावाने फाडायची
हे त्याला सुचेपर्यंत आम्ही पुढे.

रेसकोर्सच्या कडेचा रस्ता रिकामा.
आत कुणीतरी घोडा चालवत नेत होतं, नुसतंच, दोरी धरून.
बाई फुटपाथवर उभ्या, पांढरे बूट.
चाळीसला आणून मी ब्रेक दाबला, पूर्ण.

टोपी काचेवर गेली.
वरचा पट्टा खटकन अडकला, शाबास,
आणि पोतं खालून सरकलं,
पट्ट्याखालून,
हट्टी पोर कडेवरून निसटतं तसं,
जाऊन बसलं पाय ठेवायच्या जागेत.
गळ्याशी शिवण उसवली.
ज्वारी सगळीकडे.

बाईंनी दार उघडलं.
पट्टा आपणच पुढे निघून गेला, जसं काही झालंच नाही.
त्यांनी मूठभर दाणे उचलले, परत सोडले.
"खांद्याचं तो बघतो. कमरेचा हाताने लावायचा असतो.
तुम्ही लावला नाहीत.
तिकडेही लावायचे नाहीत. वरचा आपोआप येतो ना, मग झालं.
अठरा वर्षं ऑपरेशन थिएटरात होते मी.
टेबलावर यायचे, खांद्यावर एक वळ फक्त,
आणि खाली पोटात
शिवायलासुद्धा काही उरलेलं नसायचं."

मुनाफने टोपी झटकली. घातली नाही.

पोतं बाईंनीच शिवलं, माझ्याकडून दाभण घेऊन,
फुटपाथवर उकिडवं बसून, टाके एकसारखे.
उरलं होतं ते परत सीटवर ठेवलं,
कंबर आवळली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली.
दुसऱ्या ब्रेकला ते जागचं हललं नाही.

बिलात मी मोटर लिहिली, फीत, मजुरी.
ज्वारी लिहिली नाही.

ऑगस्टात गाडी परत आली, आत पाणी गळतं म्हणून.
उजवीकडचं मॅट उचललं
तर खाली कोंब, दोन बोटं उंच, फिकट,
सीटच्या रुळाला टेकून उभे.
मी बाईंकडे बघितलं.
"बघताय काय," त्या म्हणाल्या, "उपटा.
आणि पाणी कुठून येतंय ते शोधा."