गिऱ्हाइकासाठी नसलेली तार

कवठेमहांकाळच्या वरच्या माळावर
आमचं रिपीटर स्टेशन:
एक मनोरा, दोन खोल्या, बॅटऱ्यांचा आंबट वास
आणि भिंतीला काळा हँडसेट.
त्याला नंबर नव्हता. डायल नव्हती. बिल नव्हतं.
खालून कुणी यायचं,
"फोन हाय म्हणं तुमच्यात, एक पुण्याला लावून द्या की,"
तर सांगायचो, हा फोन लोकांचा नाही,
फोनवाल्यांचा आहे.

ऑर्डर वायर.
बटण दाबलं की बझर वाजायचा
सांगलीला, मिरजेला, माझ्याकडं, जतला,
सगळीकडं एकदम.
खासगी काही नाही. जतचा इंगवले खोकला
तर सांगलीच्या शेटेबाई म्हणायच्या, अडुळसा घ्या.

त्याच लहरींवरून शेकडो माणसं बोलत जायची,
बेदाण्याचा भाव, हळदीचा सौदा, कुणाचं तरी भांडण.
आम्हाला त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही.
आम्ही काटा बघायचो.
काटा उभा, म्हणजे जिल्हा बोलतोय.

थंडीत पहाटे तो पडायला लागायचा.
"मिरज, कवठे बोलतोय. फेडिंग."
"दिसतंय. थांब जरा. हात लावू नकोस कशाला."
मिरजेला बाबालाल मुजावर.
अकरा वर्षं तो एक आवाज,
बारीक, नाकातला, पत्र्यासारखा.
मी त्याला चेहराही देऊन टाकला होता:
किडकिडीत, चष्मा, मफलर.

बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नेलं त्या रात्री
मला सोडवायला येणारा माणूस आलाच नाही.
मुजावर शेटेबाईंना "बघा जरा" म्हणाला
आणि सायकल काढून गेला.
तासभर तारेत नुसती खरखर.
सगळी स्टेशनं जागी, कुणी बोलेना.
मग बझर.
"कवठे, मुलगी. दोघी बऱ्या आहेत."
जतवरून, सांगलीवरून एवढा गलका
की कुणाचंच धड कळेना.
लॉगबुकात मी लिहिलं:
०३.२० सर्किट टेस्ट, ओके.

पुढं काचेची तार आली.
काळा हँडसेट भंगारात गेला, आम्ही घरी.

मिरज स्टेशनबाहेर शेवटी भेटलो.
आडव्या अंगाचा माणूस, चष्मा नाही,
आणि आवाज खर्जातला, घागरीत बोलल्यासारखा.
मला बोलताच येईना.
तीनशेच्या खालचं सगळं फिल्टर कापतो,
हे मला पाठ होतं, खात्याच्या परीक्षेत लिहिलं होतं.
माणसाला लावून बघितलं नव्हतं कधी.

दोन चहा झाले. पेन्शन, गुडघे, पुन्हा पेन्शन.
तो उठला, पैसे दिले,
मग माझ्याकडं पाठ करून
दोन बोटांत नाक धरलं.
"कवठे, मिरज बोलतोय. कसं येतंय?"

"खणखणीत," मी म्हणालो,
आणि त्या मुलीचं लग्न ठरलंय
हे तेव्हा कुठं सांगता आलं.