अंगठाभर ढील

रात्री पावणेदोनला वाळूचा पट्टा ओरडायला लागला.
आधी कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा, एकदाच,
मग लांबच लांब.
मोल्डिंगवरची पोरं म्हणाली, "मिस्त्री, साबण लावा की जरा."
साबणानं आवाज जातो. ढील जात नाही.
शिरोलीत कितीतरी मशिनी साबणावर चालल्यात.
आमचे साहेबसुद्धा.

पट्टा थांबवला. फ्यूज काढले, तिन्ही,
शर्टाच्या खिशात टाकले, खिशाचं बटण लावलं.
एकदा असेच घरी गेले होते माझ्याबरोबर.
हिनं धुताना काढले, म्हणाली, "हे काय आणि?"
सकाळची पाळी दोन तास बसून राहिली,
पण कुणाचं बोट गेलं नाही.

जाळी काढली. आत रबराची भुकटी,
बोटावर घेतली तर काजळ.
तीन बेल्ट. मधला असा सैल
की खाचेत बसलाय का झोपलाय कळेना,
आणि बाकीचे दोघं त्याचंही ओढतायत.
सुपरवायझर फोनवर, झोपेतनं:
"एकच बदला. कोल्हापुरात रात्री दोनला बेल्ट कोण देणाराय?"
एकच बदलून भागत नाही, साहेब.
नवा आखूड असतो. सगळा भार एकटा घेतो
आणि महिन्यात तुटतो. जुने नुसते फिरत राहतात
पगारावर.
"बघा मग तुमचं तुम्ही."
हे वाक्य मला सत्तावीस वर्षं पुरलंय.

स्टोअरमध्ये बी-अडुसष्ट दोनच निघाले.
तिसरा, त्याच लॉटचा, वॉचमनच्या खोलीत,
कागदी पट्टीसुद्धा न फाटलेला,
खिळ्याला टांगून त्यात छत्री अडकवलेली.

ऋतिका कुंभार, कळंब्याच्या आयटीआयची, तीन आठवडे झाले,
स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवर चढवायला निघाली.
थांब, म्हटलं. बेल्टावर जबरदस्ती करायची नाही.
मोटर जवळ घ्यायची.
चार बोल्ट ढिले केले, खाली पहार घातली,
तशी मोटर कुरकुरत सरकली,
पाहुण्याला जागा द्यायला भिंतीकडं सरकतो म्हातारा तशी.
बेल्ट हातानं बसले. तिन्ही.
सुतळी धरली या पुलीपासून त्या पुलीपर्यंत.
चार ठिकाणी टेकायला पाहिजे.
तीन ठिकाणी टेकली.
पुन्हा पहार.

मग ताण.
ताण बघायचा मीटर असतो, साहेबांच्या कपाटात, मखमलीच्या डबीत.
बाळगोंडा मिस्त्री अंगठ्यानं बघायचे.
म्हणजे माझ्या अंगठ्यानं.
त्यांचा उजवा पेरापासून नव्हता. उद्यमनगर, शहाऐंशी साल,
कुणीतरी न विचारता बटण दाबलेलं.
माझा हात धरून बेल्टच्या मधोमध ठेवायचे:
"दाब. आणि दाब. बास. हितं ध्यानात ठेव.
लई ताणलास तर बेअरिंग रडतंय,
कमी ताणलास तर बेल्ट."

ऋतिकाला म्हटलं, दाब.
तिनं दाबलं, भीत भीत.
"भात शिजलाय का बघतात तसं नको. जोर लाव."
बेल्ट अंगठ्याच्या जाडीएवढा खाली गेला.
"कळलं?"
"नाही."
बरं वाटलं. लगेच कळलं म्हणणाऱ्यांचीच मला भीती वाटते.
सहा वेळा दाबायला लावलं. सातव्यांदा तिनंच दाबलं.

खिशाचं बटण काढलं. एक, दोन, तीन.
सगळे बाजूला?
सगळे बाजूला.
पट्टा निघाला, वर वाळू निघाली,
नुसतं घूं.
कुणी काही बोललं नाही.
ओरडणं थांबल्यावर कोण बोलतंय.

साडेसातला गेटवर हजेरीच्या काचेवर अंगठा ठेवला.
लाल.
पँटला पुसून ठेवला. लाल.
रेषाच उरल्या नाहीत म्हणे, त्याला काही सापडत नाही.
वॉचमननं वहीत नाव लिहून घेतलं, नेहमीसारखं,
आणि विचारलं, आता छत्री कशात अडकवू.
मागनं ऋतिकानं ठेवला.
काळाकुट्ट होता, तरी घेतला. हिरवा.
अजून दहा-बारा वर्षं घेईल.