जहाज क्रमांक सातशे एकोणीस

वकीलबाई म्हणाल्या, रोग सिद्ध झालाय,
आता धूळ सिद्ध करायची.

बाबांच्या फुफ्फुसाचा नखाएवढा तुकडा
ग्लासगोतल्या कुठल्याशा कपाटात काचेखाली आहे.
त्यातले तंतू मोजलेत.
ते कुणाच्या मालकीचे, हे काचेवर लिहिलेलं नाही.
क्लाइडकाठची ती कंपनी बुडाली, तिला गिळणारी दुसरीही बुडाली,
उरलाय विमावाला आणि त्याचा एकच प्रश्न:
पाहिलं कुणी?

आईनं बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला.
पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनचं कार्ड,
कबुतरांच्या शर्यतीची एक पावती.
चिठ्ठीवर तास आहेत, कापलेला टॅक्स आहे.
हवा कुठे नोंदलेली नाही.

पाइपांना लेप लावणारे बाबांसकट अकरा जण.
डूगी मॅकऑस्लन गेला. रँकिन भाऊ, दोघे, एकाच हिवाळ्यात.
ह्यू टॉरन्स कॅनडाला गेला होता,
तिथून पुढेही गेला.
प्रत्येक फोन कुणाची तरी बायको उचलायची,
म्हणायची, माझ्याकडेही तोच फॉर्म आहे गं.

एक उरला. आईनं नाव घेतलं नाही,
उठून उगाच किटली भरली.
वॉटी गिलफिलन.
संपाच्या सहाव्या आठवड्यात फाटकातून आत गेलेला.
त्यानंतर एकतीस वर्षं बाबा त्याच्याशी बोलले नाहीत;
नाकात नळी होती तेव्हा त्याचं कार्ड आलं,
तेही न फोडता परत पाठवलं.

मी गेले. दार उघडून त्यानं माझं नाक बघितलं.
"एर्चीची," म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

मंगळवारी वकीलबाई वही घेऊन आल्या. तो सांगत बसला:
बादलीत पांढरा लगदा कालवायचो, हातानंच.
पोरं होतो. उरला की गोळे करून फेकायचो.
बाहेर जूनचं ऊन, आत आमचा बर्फ.
सातशे एकोणीसवर, बॉयलरच्या मागं,
एर्चीनं मारला एक नेम धरून,
कॉलरमधून पाठीवर उतरला, ओला, गार.
तीन दिवस रुसलो होतो मी.

"रुसलो होतो, हे लिहू?"
"लिहा की. नाहीतर नंबर कशाला लक्षात राहतोय."

पैसे आठ महिन्यांनी आले. आकडा सांगत नाही.
आईनं पत्राची घडी घालून डब्यात ठेवली,
झाकण नीट बसेना, बराच वेळ दाबत राहिली.
मग म्हणाली, रविवारी जेवायला बोलाव त्याला.
एर्ची काही बघायला येत नाही.

आमचा जिना अठरा पायऱ्यांचा.
वॉटी नवव्या पायरीवर थांबला, कठडा धरून.
तोंड भिंतीकडे वळवून खोकला:
आधी कोरडा,
मग दोनदा खोल.

आईच्या हातातला डाव तसाच, सूप ठिबकतंय.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
सातशे एकोणीसवर, बॉयलरच्या मागं,
आणखी कोण होतं?